कच्चा टाका

पाण्याचा पेला टेबलावर होता की नव्हता, एवढ्यावरून एका शिंप्याच्या घरात एकदा असं भांडण पेटलं होतं की शेजाऱ्यांनी ऐकायला म्हणून आपला रेडिओ बारीक केला.

शिंप्याची मुलगी तेव्हा कापड बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसून बाहुलीला कोट शिवत होती. वर आधी काहीतरी फुटलं, मग टेबलाच्या कडेवरून पाण्याची धार लागली आणि पाठोपाठ आईचा आवाज आला. गिऱ्हाइकाचं नवंकोरं कापड चिंब झालं होतं.

"तुमच्या देखत ठेवला होता पेला! डोळ्यांसमोर!"

"नव्हता."

"मग काय उडत आला?"

"डाव्या हाताला काही नव्हतं. शपथेवर सांगतो."

"शपथ कशाला घेता, चष्मा घ्या! आणि खोटं बोलायला लाज नाही वाटत, तेही पोरीसमोर?"

"पोर कुठाय इथं?" शिंपी म्हणाला.

पोर त्याच्या डाव्या पायाशीच बसली होती. तिचे पाय तर टेबलाबाहेर आले होते. तिला वाटलं, बाबा सोंग घेतायत, आईला चिडवतायत. ती तोंडावर हात ठेवून हसली. त्या दिवसापासून घरात शिंप्याला खोटारडा म्हणायची सगळ्यांना सवय लागली. काही सांडलं, काही लवंडलं, की म्हणायचं, "हो हो, नव्हतंच तिथं!" आणि तोही बिचारा हसायचा.

पुढं कळलं की तो खरं बोलत होता. त्याच्यापुरता पेला तिथं नव्हताच. काचबिंदू होता डोळ्यांत. हा आजार मोठा लबाड. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. नजर कडेकडेनं कुरतडत येतो आणि माणसाला वाटतं, आपल्याला सगळं दिसतंय. अंधार दिसला तर माणूस दिवा तरी लावेल. इथं अंधारही दिसत नाही. शिंपी शिवत राहिला. एका दुपारी त्यानं कापडाबरोबर स्वतःच्या बोटावर कात्री चालवली, तेव्हा कुठं त्याला डॉक्टरकडे नेलं. तोवर नजरेची नुसती किल्लीच्या भोकाएवढी फट उरली होती, आणि मग तीही मिटली. पेल्याचं भांडण त्यानंतर त्या घरात कोणी काढलं नाही. बोललेला शब्द काही कच्च्या टाक्यासारखा ओढून काढता येत नाही.

कच्च्या टाक्याचं आलं म्हणून सांगायला हवं. शिंप्याची एक खोड होती. कोट पुरा झाला, इस्त्री झाली, की तो मुद्दाम एक कच्चा टाका आत ठेवून द्यायचा. पांढरा दोरा, निळ्या कापडावर, अगदी दिसेल असा. गिऱ्हाईक यायचं, कोट उलटासुलटा करायचं, आणि दोरा सापडला की त्याचा चेहरा खुलायचा. "काय हो, हे काय राहिलंय?" शिंपी जीभ चावायचा, दोरा उपटायचा, माफी मागायचा. गिऱ्हाईक छाती फुगवून घरी. मग बाहीची लांबी, खांद्याचा झोल, कशाबद्दल ब्र काढत नसे. "गिऱ्हाइकाला बोट ठेवायला एक जागा आपणच ठेवावी," तो म्हणायचा, "नाहीतर ते कुठंही बोट घालतं."

मुलीनं सुई काही धरली नाही, पण बापाची ही विद्या मात्र उचलली.

ती लोकांच्या वेबसाइट करते. म्हणजे दुकानाची पाटी, पण भिंतीवर नाही, पडद्यावर. वरती नाव, मध्ये चित्रं, काय मिळतं, कसं मागवायचं, आणि अगदी तळाला पत्ता नि फोन. आजकाल माणूस आधी फोनमध्ये दुकान बघतो आणि मग चपला घालतो. म्हणून ओळखीपाळखीचे तिला पाटीवालीच म्हणतात. नवरा मालवाहू बोटीवर, घरी पाहुण्यासारखा येतो. घरात ती, कॉलेजात जाणारी लेक आणि म्हातारी आई, म्हणजे शिंप्याची बायको. पुढच्या खोलीत खिडकीशी बापाचं तेच टेबल आहे. त्यावर कात्रीचे चरे अजून आहेत, नि चऱ्यांवर संगणक.

गिऱ्हाइकं कोट शिवणाऱ्यांची असोत की पाट्या करणाऱ्यांची, जात एकच. एक म्हणतो, "मला काय हवंय ते माहीत नाही, पण हे नकोय." दुसऱ्याला नाव मोठं हवं, आणखी मोठं, आणखी मोठं, इतकं की पडद्यावर दुकानात शिरायला जागा उरत नाही. तिसऱ्याचं स्वतःचं काही म्हणणं नसतं, पण त्याची बायको, मेहुणा आणि मेहुण्याचा मित्र यांचं असतं. पाटीवाली कोणालाच नाही म्हणायची नाही. "करून बघू" म्हणायची. अर्धे लोक करून बघितल्यावर आपणच म्हणतात, पहिलंच बरं होतं. कोणी रागानं लांबलचक मेसेज पाठवला तर ती लगेच उत्तर द्यायची नाही. राग रात्रभर भिजत घातला की सकाळी मऊ होतो, मग फोन करायचा. आणि प्रत्येक कामात एक कच्चा टाका. पडद्यावरच्या हिरव्या पानावर एकच बटण शेवाळी, किंवा एक ओळ उगाच तिरकी. गिऱ्हाईक ओरडायचं, ती जीभ चावायची, बदलून द्यायची, काम पास.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिथंच मेख होती.

केक करणारी एक बाई होती. लहरी. आज गुलाबी हवं, उद्या जांभळं. तिच्या पानावर पाटीवालीनं एक मेणबत्ती मुद्दाम उलटी ठेवली होती. बाईनं ती पकडली, ओरडली, खूश झाली. पान चालू झालं. आणि लवकरच बाईचा फोन आला, आवाज चिरका.

"अहो, लोक माझ्याकडे केक मागायला फोन करतायत आणि पलीकडून एक गृहस्थ विचारतोय, ढेकूण किती खोल्यांत झालेत!"

पाटीवालीला आधी हसू फुटलं. ढेकूण मारणाऱ्याचं पान तिनं त्याआधीच केलं होतं, तोच साचा पुढं वापरला, आणि तळाला डाव्या कोपऱ्यात त्याचा फोन नंबर तसाच राहिला. असं होतं कधी कधी. पण हसू ओसरल्यावर तिच्या मनात आलं की तो कोपरा आपण तपासला होता. चांगलं आठवतंय, तपासला होता. तिथं नंबर बरोबर होता.

मग तिनं स्वतःची समजूत घातली. आपण टाके घालतोच, हाही एखादा आपणच घातला असेल नि काढायचा विसरलो. दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं. जो मुद्दाम चुका करत नाही, तो चूक सापडली की दचकतो. हिच्याकडे प्रत्येक चुकीला घरचीच म्हणून बसायला पाट होता.

पुढं भाड्यानं पोशाख देणाऱ्या बाईच्या पानावर, डाव्या खालच्या कोटाच्या चित्राखाली "इथे काहीतरी लिहा" असं तसंच राहिलं. बाई म्हणाली, "काय लिहू? जे तोंडात येतंय ते लिहू का?" तिथं पाटीवालीनं चार शिव्या मुकाट ऐकल्या आणि म्हणाली, "करून देते." नंतर एका दवाखान्याच्या पानावर कोपऱ्यातली वेळ चुकली, आणि एक आजोबा बंद दारासमोर उन्हात बसून राहिले. त्या फोननंतर मात्र तिला हसू आलं नाही.

तपासणं तिनं वाढवलं. डोळ्यांत तेल घालून बघायची. वरून खाली, खालून वर. सगळं लख्ख दिसायचं. तेच तर भयंकर होतं, सगळं लख्ख दिसायचं.

घरातही बारीकसारीक होत होतं. डाव्या कोपराला निळे डाग. दाराची चौकट लागायची. "दार कोणी सरकवलं?" ती म्हणायची. एकदा लेक रस्त्यात समोरून आली, हात हलवला, आणि आई तिच्या बाजूनं सरळ निघून गेली. लेक दोन दिवस फुगून होती. "मैत्रिणींसमोर ओळख नाही दाखवलीस. माझी लाज वाटते का तुला?" पाटीवाली म्हणाली, कामाच्या तंद्रीत होते. लेकीला ते पटलं. म्हातारी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होती, आणि हातातलं विणकाम थांबवून तिनं मुलीकडे पाहिलं. मग पुन्हा विणायला लागली, पण टाके चुकले.

आणि एका सकाळी चहाचा कप फुटला.

"आई! आत्ता ठेवला होता मी तुझ्या हाताशी!" लेक ओरडली.

"नव्हता."

"तुला सांगून ठेवला! तू हं म्हणालीस!"

"अगं, डाव्या बाजूला काही नव्हतं. शपथे…"

आणि पाटीवाली थांबली. ते वाक्य तिचं नव्हतं. ते तिनं टेबलाखाली बसून ऐकलं होतं, ह्याच टेबलाखाली. चहा त्याच कडेवरून खाली ठिबकत होता.

लेकीला काही कळलं नाही. ती फडकं आणायला गेली. म्हातारी उठली, गुडघे धरत खाली बसली आणि एक एक तुकडा वेचून पदरात घेऊ लागली. वर न बघता म्हणाली, "उद्या डोळे दाखवायला जाऊ."

"कशाला? कप फुटला म्हणून?"

"जाऊ म्हणते ना."

"बाबांना नेलं होतंस का पेला फुटला तेव्हा?" पाटीवाली फटकन बोलून गेली. "तेव्हा चष्मा घ्या म्हणालीस. खोटारडे म्हणालीस."

म्हातारीच्या हाताला काच लागली होती, तो हात तिनं मुठीत मिटून घेतला आणि आत गेली. उद्याचं तसंच राहिलं, परवाचंही. ज्याला दार उघडायची भीती वाटते, त्याला किल्ली सापडत नाही.

किल्लीवाल्यानंच शेवटी दार उघडलं म्हणायचं.

पाटीवालीचं सगळ्यात खाष्ट गिऱ्हाईक म्हणजे कुलपांच्या दुकानाचे म्हातारे मालक. सगळे त्यांना कुलूपकाका म्हणायचे, तोंड मात्र त्यांचं कधी बंद नसायचं. जन्मभर चोरांचा विचार केलेला माणूस, कशावर विश्वास म्हणून नाही. फोनवर काम चालत नसे. पाटीवालीनं दुकानात यायचं, त्यांच्या संगणकावर पान उघडायचं, आणि काकांनी वंगणानं माखलेलं बोट काचेवर दाबून एक एक चूक दाखवायची. "हे काय? आणि हे?" काच पुसायची त्यांना पद्धतच नव्हती. गेलं वर्षभर त्यांचं पान महिन्या-दोन महिन्याला बदलत होतं. नवी कुलपं यायची, जुनी जायची. दुसऱ्या कोणी असलं गिऱ्हाईक केव्हाच सोडलं असतं. पण पाटीवाली धरून होती. का, ते तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. काकांच्या हाताखालून गेलेलं पान कधी चुकत नसे, एवढं तिला ठाऊक होतं.

त्या दिवशी काकांनी पान बघितलं आणि ओरडले नाहीत. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. भिंतीभर किल्ल्या टांगलेल्या, पंख्याच्या वाऱ्यानं हलत होत्या.

"बाई, बसा. एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा ना, काका."

"एक चूक तुम्ही मुद्दाम ठेवता. हे वरचं तिरकं कुलूप. बरोबर?"

पाटीवालीनं माऊसवरचा हात मागे घेतला.

"अहो, घाबरता काय? मीही नव्या कुलपात किल्ली जरा घट्ट बसवतो. गिऱ्हाइकाला वाटतं, माल मजबूत आहे." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "ती चूक कधी इथं असते, कधी तिथं. ती तुमची. पण दुसरी चूक असते ना, ती कायम एकाच जागी. माझ्याकडे कुलूप आलं आणि ते एकाच बाजूनं झिजलेलं असलं, तर मी कुलपाला दोष देत नाही. म्हणतो, हात तिरका जातोय. काचेवर बघा. माझ्या बोटांचे डाग कुठं आहेत?"

पाटीवालीनं काचेकडे पाहिलं. वर दोन-चार डाग होते, विखुरलेले.

"हे काय, वर आहेत. बाकी काच स्वच्छ आहे."

किल्ल्या तेवढ्या वाजत होत्या.

"स्वच्छ आहे?" त्यांनी हळू विचारलं.

"हो."

"मान वळवा, बाई. डावीकडं. खाली."

तिनं मान वळवली. डाव्या खालच्या कोपऱ्यात डागावर डाग, डागावर डाग, काळा चिकट थर झाला होता. अक्षरं वाचता येऊ नयेत इतका. तिनं मान सरळ केली. काच स्वच्छ झाली.

तिनं पुन्हा वळवली. पुन्हा सरळ केली. लहान पोर दिवा लावतं-विझवतं तशी ती किती तरी वेळ तेच करत बसली, आणि म्हातारे काका टोपी हातात घेऊन उभे राहिले.

घरी येऊन ती आईला एवढंच म्हणाली, "चल."

डोळ्यांच्या दवाखान्यात एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायला सांगितली. समोर बघत राहायचं, कडेला कुठं बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. ती दाबत होती. दिवा, बटण. दिवा, बटण. मग बराच वेळ काही नाही. ती वाट बघत राहिली. तिला वाटलं, वीज गेली असावी.

"ताई, यंत्र बंद पडलंय का?"

"नाही हो," यंत्रावरची मुलगी म्हणाली. "दिवे लागतायत. तुम्ही समोर बघा."

दाराशी बाकावर म्हातारी बसली होती. तिनं हे ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. गेलेलं परत येत नाही, म्हणाल्या. राहिलेलं राखायचं. थेंब रोज, न चुकता. उजवा डोळा थेंबांवर सांभाळता येईल, पण डाव्या डोळ्यातला दाब थेंबांनी उतरेल असं वाटत नाही. ऑपरेशन करावं लागेल, आणि तरी हमी देता येत नाही. लेकीचेही डोळे दाखवा, दर वर्षी. लेकीचे दाखवले. "आत्ता काही नाही," म्हणाल्या. त्यातलं "आत्ता" तिघी बायका घरी घेऊन आल्या आणि तिघींनीही ते एकमेकींपासून लपवून ठेवलं.

त्या रात्री जेवताना म्हातारी एकदाच बोलली. "ते खोटं बोलत नव्हते."

"नाही," पाटीवाली म्हणाली. "मी त्यांच्या पायाशीच होते. मीही हसले होते, आई."

मग पाटीवालीनं आवराआवर काढली. बापासारखं कात्री बोटावर येईपर्यंत थांबायचं नाही, हे तिनं ठरवलं. दवाखान्याबाहेर उन्हात बसलेले ते आजोबा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते, आणि ते अगदी मधोमध बसले होते, स्वच्छ दिसत होते. केकवाली, पोशाखवाली, दवाखाना, सगळी गिऱ्हाइकं तिनं ओळखीच्या एका हुशार मुलीकडे सोपवली. प्रत्येकाचा स्वभाव समजावून दिला. हिला जांभळं दाखवून गुलाबी द्यायचं. ह्याला सकाळी फोन करायचा नाही, चहा झालेला नसतो. केकवाली फोनवर रडली आणि त्याच दमात म्हणाली, "जाण्याआधी तेवढा रंग बदलाल का?" गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

कुलूपकाकांनी मात्र साफ नाही सांगितलं. "मी कोणाला किल्ली देत नाही. नवीन पान तुम्हीच करा, मग जायचं तिकडं जा."

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती निघाली. म्हातारीनं सकाळी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. एक थेंब गालावर आला, तो पदरानं टिपला. "मी येते बरोबर," लेक म्हणाली. "नको गं, रोजचंच काम आहे," पाटीवाली म्हणाली. रस्त्यानं दर चार पावलांवर ती मान डावीकडं वळवत होती. लोकांना वाटत असेल, बाई कोणाची तरी वाट बघतेय, नाहीतर कोणी मागावर आहे. दुसरं अगदीच खोटं नव्हतं.

दुकानात किल्ल्या हलत होत्या. काकांनी स्टूल पुढं सरकवलं, अगदी तिच्या उजव्या हाताला. काच अजून पुसलेली नव्हती. तिनं पान उघडलं आणि नेहमीसारखी हात जोडून बसली.

काका वाकले. पहिल्यांदा खाली गेले, डाव्या कोपऱ्यात. नाक काचेला लागेल एवढे जवळ जाऊन त्यांनी पत्ता वाचला, फोन वाचला, आकडा आकडा पुटपुटत वाचला. मग पुन्हा वाचला. तिथं चुकलेलं काही नव्हतं. त्यांचं बोट तिथं घोटाळलं, पण त्यांनी ते काचेवर टेकवलं नाही.

मग ते वर आले. वर, उजवीकडं, चार पितळी कुलपांच्या रांगेत एक कुलूप लाल होतं. भडक, टोमॅटोसारखं.

"हे काय?" काका गरजले. बोट काचेवर आपटलं. "लाल कुलूप? माझ्या दुकानात? जन्मात विकलं नाही मी लाल कुलूप! डोळे कुठं असतात तुमचे?"

बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

पाटीवालीनं जीभ चावली. "चुकलंच, काका," ती म्हणाली. "करून देते."

आणि माऊस पुढं ओढून तिनं ते कुलूप पितळी केलं.